बुधवारचा वर्ग

सावामोतो-सान चौतीस वर्षं बस चालवायचे,
कुशिरो स्टेशन ते बंदर,
धुक्यात, भर दुपारी दिवे लावून.
आता बुधवारी संध्याकाळी माझ्या वर्गात
पहिल्या बाकावर. कानावर पेन्सिल.
ऑगस्टात नात यायचीय हॅलिफॅक्सहून,
नऊ वर्षांची, नेल. जपानी येत नाही तिला.

त्यांना व्याकरण नको.
हवीत फक्त घरात दिवसभर
तोंडातून आपसूक निघतात ती वाक्यं.

'इतादाकिमास'ला मी सांगितलं, लेट्स ईट.
त्यांनी लिहून घेतलं. मग खोडलं.
म्हणाले, हे तर दोघांचं झालं.
मी एकटा जेवतो, तरी म्हणतो.
माशाला म्हणतो. ज्यानं पकडला त्याला.
थोडंसं भातालाही.
इंग्रजीत माशाशी बोलत नाहीत, मी म्हटलं.
बरं, म्हणाले, आणि ओळ कोरी ठेवली.

'ओत्सुकारेसामा'ला गुड जॉब.
छे. रात्री शेवटची बस डेपोत लावून उतरलो
की फाटकावरचा तोमेझो म्हणायचा.
शाबासकी नव्हती हो ती.
दमलास, मला दिसलं. एवढंच.

'तादाइमा' सोपं निघालं: आय ॲम होम.
त्यावरचं उत्तर, वेलकम बॅक.
ते हसले. हे हॉटेलात म्हणतात ना?
मला चार वर्षांत कुणी म्हटलेलं नाही,
हॉटेलातसुद्धा.

'इत्तेकिमास'वर मात्र आमचं वाजलं.
घराबाहेर पडताना म्हणायचं, जाऊन येतो.
इंग्रजी माणूस दारात नुसता बाय म्हणतो.
"आणि येणं? येण्याचं काय करतात ते?"
गृहीत धरतात, मी म्हटलं.
त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं:
आय गो अँड कम.
मी लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलं.
पुढच्या बुधवारी पाहते तर
माझी रेघ रबरानं पुसलेली,
कागद तिथे गुलाबी, जरा झिजलेला.

ऑगस्टात तीन बुधवार ते आले नाहीत.
सप्टेंबरात आले. वही तीच.
विमानतळावर, म्हणाले, काचेच्या दारापाशी
आईचा हात सोडून नेल मागे वळली
आणि सगळ्यांच्या देखत ओरडली,
आय गो अँड कम!
"सेन्सेई, त्याचं उत्तर
आपण घेतलंच नव्हतं."
मग?
"मग काय. इत्तेराश्शाय म्हणालो. जाऊन ये.
मान हलवली तिनं. कळलं असावं,
किंवा घाईत असेल."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली,
आजची तारीख घातली,
पानं मागे उलटत गेले.
"ते माशाचं राहिलंय," म्हणाले.