किसणी

पत्र्याचा एक तुकडा, त्याला खिळ्यानं पाडलेली भोकं,
एवढीच आमच्या घरची यंत्रसामग्री.
उलट्या बाजूनं पत्र्याला दात फुटायचे
आणि त्या दातांवर आई कसावा किसायची,
झुंजुमुंजूपासून उन्हं कलेपर्यंत.
शेवटच्या कंदापाशी कंद कुठे संपला
आणि पेरं कुठे सुरू झाली, कळायचं नाही.
गिऱ्हाइकाला गारी पांढरीच लागते,
म्हणून ती चिरलेलं बोट तोंडात धरायची
आणि दुसऱ्या हातानं किसत राहायची.

बेडियाको तेव्हा सुआमेच्या भंगारबाजारात
मेलेल्या बसगाड्यांची हाडं विकायचा.
त्याला आमचा कळवळा होता असं नाही.
भाजायच्या कढईची उधारी आईकडे थकली होती,
तगाद्याला आला आणि चुलीपाशी बसून
तिच्या बोटांकडे बघत राहिला.
मनातल्या मनात त्याचा हिशेब चालला होता :
दिवसाला चार टोपल्या.
चाळीस झाल्या तर माझे पैसे कधी फिटतील?

पहिल्या दिवशी पट्टा तुटून त्याच्याच जबड्यावर बसला.
दुसऱ्या खेपेला रुळावरचा पत्रा सुटून
शेजारच्या कोंबड्यांत जाऊन पडला.
तिसऱ्यांदा पाण्याच्या पंपाचं जुनं इंजिन लावलं,
ते चाललं, पण असं गरजलं
की गल्लीतल्या शेळ्या दावी तोडून पळाल्या
आणि पाद्रीबाबांनी प्रार्थना मधेच थांबवली.
आईनं एक कंद टाकला.
तिनं हात मागे घेईपर्यंत
खाली पांढरा ढीग पडलेला.

वर्षभर बेडियाको राजा होता. घमेल्यामागे दोन सेडी,
पटलं तर घाला, नाहीतर तुमची बोटं आहेतच.
मग त्याचाच चेला न्सिया, हाताखाली शिव्या खाल्लेला,
रस्त्यापलीकडे उभा राहिला, दवाखान्याच्या मोडक्या ट्रेंचा
न गंजणारा पत्रा रुळावर गुंडाळून.
घमेल्याला दीड सेडी.
बेडियाको चोर चोर म्हणत बाजारभर फिरला,
बाजाराच्या म्हातारीकडे दाद मागायला गेला.
ती म्हणाली, तुझ्या गारीत गंज येतो रे.
तो परत आला, दोन दिवस जेवला नाही,
तिसऱ्या दिवशी पत्रा बदलला
आणि पाटी लावली : सव्वा.

त्या दोघांचं पुढे कधी पटलं नाही.
त्यांच्या भांडणावर आमची चूल चालली.
आईच्या बोटांना खपल्या धरल्या,
आता घासाघीस उरली ती फक्त भावाची.

मोकळ्या दुपारींचं तिनं काय केलं?
आधी झोपली. जवळजवळ दोन महिने.
मग उठून अक्राच्या ट्रकवाल्याशी बोलणी केली,
आणि मला वही आणून दिली, रेघा मारलेली,
एका बाजूला आलं, एका बाजूला गेलं.

आज माझ्याकडे तीन यंत्रं आहेत
आणि सोलायला बारा बायका.
काल टेचिमानहून एक पोरगा आला, क्वाकू आडेई,
सायकलच्या साखळीवर फिरणारं पिंप घेऊन.
म्हणाला, हे सोलतं.
सोलतं खरं, पण वेडंवाकडं,
पाव कंद सालीबरोबर फुकट.
मी मोठ्यानं हसले,
आणि माझं मलाच कळलं, सुटल्यासारखी हसतेय.
त्याला राग आला नाही.
त्यानं खिशातून वही काढली, काहीतरी टिपलं,
पिंपाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

बाराच्या बारा सुऱ्या थांबल्या होत्या.
कुणी मान वर केली नाही.
फक्त दुफी आपल्या अंगठ्याकडे बघत होती.
तिथे काय आहे ते मला न बघता माहीत आहे.
तिच्या तीन पोरांची फी कशावर चालते, तेही.

पिंप सायकलला बांधून तो निघाला
तेव्हा फाटकापाशी जाऊन मी त्याला विचारलं,
पुन्हा कधी येशील?