येथे गोडं पाणी नाही

लिही, मोजणीदारा. उत्तरेला तेत्काचा अंगठा,
काळा सुळका, पायाशी फेस.
तेत्का म्हणजे मावशी. कुणाची, ते गाव विसरलं.
तिथून खाली एकशे बारा बेटं.
तुझ्या कागदावर एकशे नऊ आहेत, राहू देत,
तीन भरतीला नसतातच
आणि तुमची सरकारी गलबतं भरतीलाच येतात.

मागे डोंगर. पांढरा, उघडा, शेळीलाही न परवडणारा.
हिवाळ्यात त्यावरून बुरा उतरतो.
नुसता वारा म्हणू नकोस, घरचाच आहे तो,
दार न वाजवता येतो, कौलं मोजतो,
खिडक्यांवर मीठ मारून जातो.
छपरांवर आम्ही दगड ठेवतो,
टोपीवर हात ठेवावा तसे.

एवढ्याला आम्ही व्रुल्ये म्हणायचो.
राज्य म्हण, टोळी म्हण.
तुझ्या वहीत चोरांचं बीळ असं लिहिलंय.
मला वाचता येतं.

इतिहास?
सात घरं आली डोंगरापलीकडच्या लढाईतून पळून,
एक घंटा, दोन गाढवं, आंबलेल्या पिठाचं मडकं.
समुद्र कुणी पाहिलेला नव्हता.
पहिलं जहाज आम्ही लुटलं नाही,
तेच आपणहून खडकावर आलं.
पोटात चारशे आरसे, गवतात गुंडाळलेले.
त्या दिवशी गावाने आपली तोंडं पाहिली.
तिथूनच हाव सुटली, असं म्हाताऱ्या म्हणायच्या.

मग ग्र्गुर, मग वुकाशिन,
मग वुकाशिनची सून स्ताना,
चौदा वर्षं सुकाणूवर, त्यातली तीन पोटुशी.
लुटीचे दहा वाटे, हा कायदा तिचा.
एक घंटेला. दोन विधवांना.
एक बुऱ्याला, म्हणजे समुद्रात परत.
तो वाटा कुणी कधी चोरला नाही.
चोरांच्या गावात. हे लिही.

आणि हेही लिही, मागशील तर,
वल्ह्यांना बांधलेली माणसं होती आमच्याकडे.
एका पोराने नाव सांगितलंच नाही.
तिसऱ्या बाकावर बसायचा, म्हणून तिसरा.
साखळी काढल्यावर तो निघून गेला म्हणतात.
माझ्या बापाचे डोळे
या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचे नव्हते.

वेढा? अकरा महिने, चाळीस जहाजं.
गावात विहीर नाही हे त्यांनी आधीच जोखलं होतं,
तहान दार उघडेल म्हणून बसून राहिले.
दार उघडलं नाही.
कसं ते विचारू नकोस, देवाची कृपा लिही,
तुझ्या आधीच्यानेही तेच लिहिलं.

(तू लेखणी तासतोस तोवर मनातल्या मनात:
अंगठ्याच्या आतल्या कुशीत, पाच वाव खाली,
डोंगर आपलं पाणी समुद्रात सोडतो.
वरून पाहिलं तर तेल सांडल्यासारखा थरथरता गोल.
रात्री पोरं उतरायची, कमरेला धोंडा,
काखेत शेळीचं रिकामं कातडं.
मीही. नऊ वर्षांची होते.
झऱ्याला कातड्याचं तोंड लावायचं, श्वास धरायचा,
आणि अंधारात ते फुगताना हाताला कळायचं,
जिवंत जनावरासारखं.
येलिचा वर आली नाही.
तिचं कातडं आलं, भरलेलं.
आम्ही ते प्यायलो.)

झालं तासून? तर मग शेवट.
तहानेने नाही पडलो आम्ही, तहाने पडलो.
दूरच्या कुठल्याशा गावात दोन राजांनी सह्या केल्या.
आम्हाला लुटायचे पैसे देणारा राजा
दुसऱ्या दिवसापासून आम्हाला लुटारू म्हणू लागला.
स्तानाच्या नातवांना बैलगाड्यांत घालून
गव्हाच्या मुलखात नेलं. तिथे वारा पडलेलाच असतो.
एकाने म्हणे शेताच्या मध्यभागी होडी बांधली.
खोटं असेल. पण मला आवडतं.

ऊन चढलं. घे, पी.
त्याने दोन पेले पाणी प्यायलं, मिशा पुसल्या,
थंड आहे म्हणाला,
कुठलं ते विचारलं नाही,
आणि अंगठ्याशेजारी, सुबक अक्षरात,
लिहिलं: येथे गोडं पाणी नाही.