खोडवा

निफाडला पारा दोनवर उतरतो त्या पहाटे
शेजारच्या बागेत बोरस्ते शेकोट्या पेटवतात
आणि मी चिमट्यानं
गव्हाच्या एकेका फुलातले तीन पुंकेसर काढत बसते.
बोटं बधिर. तीनच असतात,
पण एक जरी राहिला
तर फूल घरातल्या घरात लग्न उरकून घेतं.
वर बटर पेपरची पिशवी, तिच्यावर पेन्सिलनं:
आई गहू, बाप रानगवत.
बाप परदेशचा, इकडे त्याला नाव नाही.
ठकूबाई गांगुर्डे त्याला हरळीचा चुलता म्हणतात.

उसाला खोडवा असतो, निडवाही.
द्राक्ष डॉगरिजच्या मुळावर पंधरा वर्षं उभं राहतं.
गहूच तेवढा होळीच्या सुमाराला
होतं नव्हतं ते दाण्यात ओतून मोकळा होतो,
खाली मुळं, रिकामं केलेलं भाड्याचं घर.
मला त्याला मरायचं विसरायला शिकवायचंय.
हे एकदा बोरस्त्यांना सांगितलं तर म्हणाले,
"म्हणजे आता गव्हालाही छाटणी?
मजूर कुठून आणायचे, मॅडम?"

मूळ बघायचं तर खणावं लागतं,
खणलं की तुटतं.
म्हणून दोन मीटरचे पीव्हीसी पाइप,
उभे चिरून चिकटपट्टीनं पुन्हा जोडलेले,
आत कादवेकाठची काळी माती.
उघडला की ठकूबाई चाळणीवर धुतात, हलक्या हातानं,
जन्मभर खुरप्यानं मुळं उपटलेल्या त्याच हातानं.
मग काचेच्या ताटात पाणी, पाण्यात मुळं पसरलेली,
स्कॅनरचा उजेड त्यांच्याखालून सरकतो
आणि संगणक आकडा देतो: एकशे बारा मीटर.
"आणि दाणे?"
अकरा, ओंबीला. तेही सुरकुतलेले.
"मग बाई, हे सगळं खातं कोण?"

बेचाळीस गुणसूत्रं गव्हाची, चौदा त्या गवताची,
छप्पनचा संसार, पेशी दुभंगताना भांडणं होतातच.
पण तिचा प्रश्न गुणसूत्रांचा नव्हता.
वहीत मी तो प्रश्न लिहिला नाही.
रकाना नव्हता.

होळीनंतर सगळे पाइप कापले, चार बोटं बुडखा ठेवून.
पाणी बंद. हीच परीक्षा.
अक्षय्य तृतीयेला चाळीसच्या चाळीस
झाडूच्या काड्या झाले होते.
चाळीस नाही, एकोणचाळीस.
तेविसाव्याच्या बुडख्यातून
टाचणीएवढा हिरवा फुटवा.
मी मोजपट्टी घेऊन उकिडवी बसले,
फोटो काढले, मग नुसतीच बसले.
रात्री अहवालाचं पहिलं वाक्य तीनदा लिहिलं.

सकाळी ठकूबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या,
"तेवीसला मीच घालत होते.
मुळं धुतलेलं पाणी. रोज तांब्याभर.
फेकायचंच होतं ना ते?
आणि ते दाराशीच उभं, जाता-येता दिसायचं."
मी काही बोलले नाही.
वर्ष गेलं, एवढंच मनात.
त्यांनीही माफी मागितली नाही,
पदरानं ओठ पुसले आणि चाळणी घेतली.

दुपारी तेवीस उघडला.
वरची दीड फूट माती ओली, गार.
त्याखाली कोरडी, ढेकळासारखी,
तिथं तांब्याभर पाणी कधी पोचलंच नसेल.
मुळं तपकिरी, हाताला लागताच चुरा होणारी.
आणि तळाशी, एकशे ऐंशीच्या खुणेपाशी,
एक पांढरं.
मेलेलं मूळ पांढरं नसतं.

ठकूबाई वाकून बघत होत्या.
"हे माझ्या पाण्यानं का?"

शेऱ्यात लिहिलं: पाणी दिले गेले, निकाल बाद.
ओळ संपली, पेन उचललं नाही.
खाली जागा होती थोडी.