बेरंग

धाडणाऱ्याला फुकट, घेणाऱ्याला दुप्पट,
बेरंग पत्राचा हा कायदा
नरसव्वाला कोणी शिकवला, ठाऊक नाही.
तिला अक्षर येत नव्हतं. आण्याचा हिशेब येत होता.

अंबय्या मुंबईच्या गिरणीत निघाला तेव्हा
आगगाडी सोलापुरात येऊन फार वर्षं झाली नव्हती.
पेठेत जो तो सांगायचा:
भीमेच्या पुलाला दर पुरात माणूस लागतो.
डब्याला बाहेरून कुलूप घालतात.
खंडाळ्याला ब्रेक धरला नाही तर
गाडी खाली पोचते, माणसं वाटेत राहतात.
आणि इंजिनातून निखारे उडतात,
खिडकीशी बसू नको,
बसलासच तर डोळे मीट.
लघवीचं कोणी सांगितलं नाही.
ते त्याला मोहोळच्या पुढे कळलं.

तिने त्याच्या फडक्यात तीन कांड्या बांधल्या,
निळी, तांबडी, पांढरी.
म्हणाली, पत्राला दोरा गुंडाळ.
भीमा ओलांडलीस की निळा.
घाट उतरलास की तांबडा.
मग दर महिन्याला, जिवंत असलास तर, पांढरा.
पत्राचं पुढे काय करणार,
ते ती बोलली नाही.

शिवलिंगप्पा डाकवाला दारात आला.
आणा मागितला.
तिने पत्र हातात घेतलं, दोरा पाहिला,
निळा,
अंगठ्याने चाचपला:
घरचंच सूत, स्वतःच्या हाताचा पीळ.
आणि पत्र परत केलं.
"नको."

तांबडा. नको.
पांढरा. नको.
पांढरा, नको.
वाचलेल्या आण्याची ज्वारी दोन दिवस पुरायची.

एकदा शिवलिंगप्पाच म्हणाला,
"जड लागतंय हो बाई. आत बरंच आहे."
"बाहेर आहे तेवढं पुरे," ती म्हणाली,
आणि धोटा फेकला.

आषाढात एक आलं. दोरा नाही.

उलटून पाहिलं. पुन्हा उलटून पाहिलं.
मागावर अर्धं धोतर तसंच ताणलेलं.
मग तिने कनवटीची गाठ सोडली,
एका हाताने सुटेना, दातांनी सोडली,
आणि आणा मोजला.
शिवलिंगप्पाने उंबऱ्यात उभ्यानेच वाचलं:

"दोरा संपला. प्रकृती उत्तम.
बाकी सर्व मजकूर मागील पत्रांत
सविस्तर लिहिलाच आहे.
त्याप्रमाणे करावे."

"मागची कुठं जातात?"
"परत."
"त्याच्याकडं?"
"नाही हो. कचेरीत. थोडे दिवस ठेवतात,
मग फाडतात."

काय करावे, कुठे यावे,
कुठल्या तारखेला, कोणाला घेऊन,
की येऊच नये,
यातलं काही आमच्या घरात कोणी सांगत नाही.
पुढचं विचारलं की थोरली माणसं
चहा ठेवायला उठायची.

ते एक पत्र माझ्याकडे आहे.
एकाचेच पैसे भरले होते, म्हणून एकच.
आणि त्याच ट्रंकेत तिचं लुगडं,
घरच्या मागावरचं, जाडं, गर्द जांभळं.
पदराला नऊ भोकं.
कसर नव्हे, उंदीर नव्हे,
मसुराएवढी, कडेला करपलेली,
सगळी एकाच अंगाला:
खिडकीशी बसलेल्या बाईची.

डोळे मिटले होते का,
ते कापडावरून कळत नाही.