पाठकोरा

दारात बुटांवर चढवायला नमद्याचे सपाते.
मला दोन्ही डाव्या पायाचे मिळाले.
"चालतं," हेल्वेबाई म्हणाल्या, "इथं सगळे घसरतच चालतात."
तिकीट तीन युरो, पेन्शनरांना दोन.
मी पेन्शनर आहे. तीन दिले.

पियानोला दोरी, दोरीला पाटी.
खिडकीत तोच समुद्र, राखाडी, उथळ,
गुडघाभर पाण्यातून मैलभर चालत जावं असा.
हेल्वेबाईंचा सूर पाठ झालेला:
इथे किविसारे पहाटे चारला उठून बसत,
ही त्यांची शाल, हा कपाचा कान,
आणि ही खोली कायम उबदार असे.

पहाटे चारला कोण उठायचं ते मला ठाऊक आहे.
चूल काही आपोआप पेटत नाही.

शेवटच्या खोलीत काचेखाली एक चिठोरा.
हातानं ओढलेल्या पाच वाकड्या रेघा,
त्यांवर अकरा स्वर, पेन्सिलीचे.
"प्रतिभा कागद निवडत बसत नाही," असं पाटीवर.

मी म्हटलं, मागची बाजू दाखवाल?
"मागे काही नाही हो. कुणाची तरी यादी."
मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.
बाहेर ऑक्टोबर. ताल्लिनची बस रिकामीच आली होती.
किल्ली त्यांच्या गळ्यातच होती.

मीठ.
रॉकेल.
खारवलेली हेरिंग, सात.
सुई, जाड.
आणि तळाशी, दोनदा अधोरेखित:
लिंदाला बूट, मिळाले तर.

अक्षरं उजवीकडे कललेली,
दोरीवरच्या ओल्या कपड्यांना वारा लागावा तशी.
मीना आजीची.
लिंदा माझी आई.

आई सांगायची, त्या शनिवारी यादी सापडलीच नाही.
घरभर शोधली, पिठाच्या डब्यातसुद्धा.
आजी अंदाजानं बाजार करून आली,
सुई आली, बूट राहिले.
तो हिवाळा आई साहेबांच्या जुन्या गलोशांत
कागदाचे बोळे कोंबून शाळेत गेली.
कुठले कागद, ते तिनं कधी पाहिलं नाही.

हेल्वेबाईंनी चिठोरा परत ठेवला.
कुठली बाजू वर, मी बघितलं नाही.

जाताना भिंतीवर एक बटण. दाबलं.
अकरा स्वर.
चांगले आहेत.
परत दाबलं.
खरंच चांगले आहेत, आणि तिथंच अडतं.

सपाते काढून टोपलीत टाकले.
हेल्वेबाई गल्ला उघडून काहीतरी मोजत होत्या,
मग न बोलता
एक युरो माझ्या हातावर ठेवला.