निरंक

सावदा ठाण्यात गोपनीयला मी अकरा वर्षं काढली.
साधा शर्ट, आधी सायकल, पुढे मोपेड,
आणि सगळ्या गावाला ठाऊक की हा गोपनीयचा.
इच्छारामच्या टपरीवर मी टेकलो की
माणसं मुद्दाम कापसाच्या भावावर बोलायची.
मी कापसाचा भाव लिहायचो.

रोज रात्री आठला एक कागद वर जायचा.
काही नसलं तर एकच शब्द: निरंक.
माझं अक्षर बरं. त्यातला अनुस्वार
मी बारीक गोल काढायचो, आतून पोकळ.
एकवीस दिवस सलग निरंक गेलं
तेव्हा साहेबांनी बोलावलं, पंखा बंद केला,
मे महिना, बाहेर शेहेचाळीस,
आणि हळूच म्हणाले,
भारंबे, एवढी शांतता
आपोआप होत नसते.
कोणीतरी ती ठेवतंय.

बाहेर आलो तर खरंच
गाव जरा जास्तच शांत वाटलं.

त्या हिवाळ्यात चुडामण फिरकेच्या मळ्यात भरीत पार्टी.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, बडगीत मिरची कुटल्याचा ठसका,
मी विहिरीपलीकडे केळीच्या सरीत, शिंक दाबून, मोजत.
लिहिलं: हजर बावीस. वांगी चाळीस किलो.
भाषण नाही. एक इसम शिट्टी वाजवीत होता.
एवढंच. देवाशप्पथ एवढंच.

केळीचं कसं असतं,
घड कापतात तेव्हा हिरवा, दगड.
कच्चाच गाडीत चढतो,
वाटेत कुठे ऊब, कुठे पावडर, कुठे बंद खोली,
आणि दिल्लीत उतरतो पिवळाधमक.
माझ्या कागदाचं तेच झालं.
जळगावात कोणीतरी वजाबाकी केली:
माणशी किलो धरलं तरी अठरा किलो उरतं. कोणासाठी?
नाशकात त्या अठरा किलोंना हातपाय फुटले.
मुंबईत अठरा जणांना म्होरक्या मिळाला, शिट्टीवाला,
आणि त्याच्याही वर, जिथे मी कधी गेलो नाही,
शिट्टीचा अर्थ लावला गेला.
मार्चमध्ये कागद परत खाली आला, लाल शेऱ्यासह:
सातपुड्याच्या पायथ्याशी अठरा अनोळखी इसम. शोध घ्यावा.
शोध कोणी घ्यायचा? गोपनीयने.

आणि सांगू का, मी घेतला.
हे मला अजून उलगडत नाही. मला माहीत होतं
की ते अठरा म्हणजे वांगी आहेत,
तरी पालच्या घाटापर्यंत मोपेड दामटली,
एका ढाब्यावर आडून विचारलं,
आणि मालक डोळे बारीक करून म्हणाला,
अठरा ना भो? हां,
मागल्या आठवड्यात तठे वर दिसनात काही जन.

निवडणुकीत एका पुढाऱ्याने अठराचे अठरा हजार केले.
दुसऱ्याने विचारलं, हे मुळात पाठवले कोणी?
टाळ्या दोघांनाही पडल्या.
फिरके दोन रात्री ठाण्यात बसून होता.
म्हणाला, साहेब, उरलं ते सालदारांनी घरी नेलं.
वाक्य फार साधं होतं,
म्हणून कोणालाच पटलं नाही.
पंचनाम्यात बडगी जप्त केली. ती अजून मुद्देमालात असेल.

आता निवृत्त. नातू फोनवरून वाचून दाखवतो,
आबा, ऐका, आपल्याच भागातलं, दडपलेलं प्रकरण.
मी म्हणतो, ते मीच लिहिलं होतं रे, वांगी होती ती.
तो माझ्याकडे बघत राहतो,
मग उठून पंखा बंद करतो.
तुम्हाला असं सांगायला कोणी सांगितलं, आबा?

रात्री आठला हात अजून कागद शोधतो.
किराण्याच्या पावतीमागे लिहितो, निरंक,
अनुस्वार गोल, आतून पोकळ,
आणि चश्मा पुसून
त्यात डोकावून बघतो,
कोणी बसलंय का.