कलम सतरा

कूलरची वाळ्याची ताटी काढायला माळ्यावर चढलो
तर हाताला लागली वही, दोनशे पानी, पाठीला चिकटपट्टी:
'सीताबर्डीची लढाई. नियम. आवृत्ती तिसरी.'
अक्षर उल्हास गणोरकरचं, डावीकडे कललेलं.

पायदळ चार बोटं. घोडदळ एक वीत.
(वीत उल्हासचीच धरावी.)
तोफेचा पल्ला खराट्याची एक काडी.
टेकडी म्हणजे संत्र्याची पालथी पेटी, वर गोणपाट.
शिसं त्याचे काका अजनीच्या शेडमधून आणायचे, डब्यात पोळ्यांखाली.
साचा एकच, म्हणून सगळ्यांची नाकं बसकी,
अरब असो की इंग्रज.

'दारू संपल्यास दोन पाळ्या गप्प बसावे.'
एवढंच वाक्य आईने वाचलं होतं.
ती बंदुकीची, हे पटवायला
बाबा ऑफिसातून यावे लागले,
तोवर माझा गाल पडला होता.

मी कायम इंग्रज. नाणं त्याचं होतं.

आणि शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, घाईत,
कलम सतरा: इंग्रज जिंकल्यास
डाव पुन्हा मांडावा.
मे महिना अख्खा पुन्हा मांडायचो,
सतरंजीवर, पंख्याखाली, 'काय बे, फासा उचल' करत.

मग त्याच्या वडिलांची बदली. भिलाई. दोन पत्रं.

खालून हाक येते, ताटी मिळाली का?
मी धुळीत पंजा पसरून बसलोय,
आठवून बघतोय
करंगळी इथे टेकली
तर त्याचा अंगठा कुठवर पोचायचा.